एकच मजकूर दहा दुकानांवर : नुकसान कोणाचे?

काही दिवसांपूर्वी नांदेडच्या देगलूर नाका भागातील एक कारागीर आमच्याकडे आले. लोखंडी कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनविण्याचा त्यांचा व्यवसाय. दोन मुले आणि चार मजूर हाताखाली आहेत. मुलांच्या आग्रहावरून त्यांनी पंधरा हजार रुपये देऊन वेबसाइट करून घेतली. वर्ष उलटले, पण तिच्यामुळे एकही गिऱ्हाईक आले नाही. आता वेबसाइट करून देणारा सांगतो की, तुमच्या मजकुराला गूगलने डुप्लिकेट ठरवून दंड लावला आहे, तो काढायचा तर आणखी आठ हजार लागतील. हे पैसे द्यावेत की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते.

आम्ही त्यांची वेबसाइट उघडून पाहिली. मजकूर इंग्रजीत होता. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय, पंचवीस वर्षांचा अनुभव, उच्च दर्जा, वाजवी दर, अशी सगळी वाक्ये. त्यातले एक वाक्य अवतरणचिन्हांत घालून आम्ही गूगलवर शोधले. तेच वाक्य स्वल्पविरामासकट लातूरच्या एका फर्निचर दुकानाच्या पानावर, हैदराबादच्या एका पाण्याच्या टाक्या विकणाऱ्याच्या पानावर आणि आणखी कितीतरी ठिकाणी निघाले. आमच्या या बांधवाच्या एका पानावर तर नाव बदलायचेच राहून गेले होते. तिथे दुसऱ्याच दुकानाचे नाव होते. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून वर्षभर हे त्यांच्या लक्षातही आले नाही.

आम्ही त्यांना सांगितले की आठ हजार देऊ नका, पण हा मजकूरही ठेवू नका. असे का सांगितले, ते येथे सविस्तर मांडत आहोत. कारण नांदेड आणि लातूरच्या बाजारपेठेतील आमच्या अनेक व्यापारी बंधूंची आणि कारागीर भगिनींची आज हीच स्थिती आहे.

दंड नाही, पण जागाही नाही

सर्च इंजिन जगभरची पाने वाचून त्यांची नोंद ठेवते. एकसारखी पाने सापडली की ती एका गटात टाकते, त्यातले एक पान मूळ किंवा प्रतिनिधी म्हणून निवडते आणि शोधणाऱ्याला साधारणपणे तेवढेच दाखवते. बाकीची पाने मागे राहतात. मोंढ्यात एकाच ढिगाची दहा पोती आली तर खरेदीदार दहाही पोत्यांना बंबू लावीत बसत नाही. एकाचा नमुना पाहतो आणि पुढे जातो. येथेही तसेच घडते.

याला दंड म्हणत नाहीत. नुसत्या दुबार मजकुरासाठी, लोक समजतात तसा दंड नसतो, हे गूगलने सप्टेंबर २००८ मध्येच स्पष्ट केले होते. फसवणुकीच्या हेतूने केलेली नक्कल ही गोष्ट वेगळी. गूगलचे त्या वेळचे अधिकारी मॅट कट्स यांनी २०१३ मध्ये सांगितले होते की, इंटरनेटवरील सुमारे २५ ते ३० टक्के मजकूर दुबार आहे. एवढ्या सगळ्यांना दंड लावायचा तर शोधायला काय उरेल?

म्हणून कोणी दंडाची भीती घातली तर त्याला एकच गोष्ट विचारावी. गूगलने खरोखर कारवाई केली असेल तर 'सर्च कन्सोल' या मोफत सुविधेत 'मॅन्युअल ॲक्शन्स' या सदराखाली तशी सूचना दिसते. ती सूचना दाखवा म्हणावे. दाखवता आली नाही तर पैशाचा विषय तिथेच संपला.

मात्र दंड नाही म्हणून निश्चिंत राहण्यातही अर्थ नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने 'पांडा' नावाचा बदल आणला, तेव्हा इकडून तिकडून उचललेल्या आणि पोकळ मजकुरावर चालणाऱ्या मोठमोठ्या वेबसाइटी खाली गेल्या. त्यांना पैसे भरून वर येता आले नाही. मजकूर सुधारणे हाच मार्ग होता आणि आजही तोच आहे. आमच्या शेतकरी भावांना दुबार पेरणीचे दुःख माहीत आहे. बी दोनदा, मजुरी दोनदा आणि पीक मात्र एकदाच. दुबार मजकुराचा हिशेबही असाच आहे.

गोलाई एक, रस्ते सोळा

दुबार मजकूर म्हटले की नेहमी दुसऱ्याची नक्कलच असते असे नाही. पुष्कळदा आपल्याच घरात एका पानाचे चार पत्ते झालेले असतात. लातूरच्या गंजगोलाईचे उदाहरण घ्या. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखणी केलेल्या आणि १९१७ साली उभ्या राहिलेल्या या गोल इमारतीकडे सोळा रस्ते येतात. लातूरचा माणूस कोणत्याही रस्त्याने आला तरी गोलाई एकच आहे हे त्याला ठाऊक असते. परक्या पाहुण्याला मात्र या सोळा वेगवेगळ्या जागा वाटू शकतात. सर्च इंजिन हे तसे परके पाहुणे आहे.

वेबसाइटच्या पत्त्याआधी 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' लावले तरी पान उघडते आणि न लावता उघडते. 'एचटीटीपी'ने उघडते आणि 'एचटीटीपीएस'नेही उघडते. कोणी 'डॉट कॉम' आणि 'डॉट इन' अशी दोन्ही नावे घेऊन दोन्हींवर तोच मजकूर ठेवलेला असतो. एकच शेरवानी रंगानुसार आणि मापानुसार पाच वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसते. मग कोणी एका पत्त्याची शिफारस करतो, कोणी दुसऱ्याची, आणि जे वजन एका पानाला मिळायचे ते चार ठिकाणी वाटले जाते.

यावरचे उपाय सोपे आहेत आणि ते करून घेण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे. पहिला उपाय म्हणजे एक पत्ता कायमचा ठरवून बाकीचे सर्व पत्ते त्याच्याकडे वळविणे. तंत्रज्ञ याला '३०१ रीडायरेक्ट' म्हणतात. दुकान हलविल्यावर जुन्या शटरवर नव्या जागेचा बोर्ड लावतात, तसाच हा प्रकार. दुसरा उपाय, दोन्ही पाने ठेवणे भागच असेल तर त्यातले मूळ कोणते हे सांगणारी 'कॅनॉनिकल' नावाची खूण पानात घालणे. ही पद्धत फेब्रुवारी २००९ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून जाहीर केली. सर्च इंजिन या खुणेला हुकूम मानीत नाही, सूचना मानते. म्हणून बाकीच्या लिंकही त्याच पत्त्याकडे नेणाऱ्या असाव्यात.

काही जण दुबार पाने 'रोबोट्स' फाइलमध्ये अडवून सर्च इंजिनपासून लपवितात. दुबार पानांसाठी ही पद्धत वापरू नका, असे गूगलच सांगते. कारण पान वाचताच आले नाही तर ते दुबार आहे हे तरी त्याला कसे कळावे?

उसना मजकूर आणि उसनी साक्ष

दुसरा प्रकार म्हणजे उसना मजकूर. पंप, रंग, सिमेंट किंवा शिलाई मशीन विकणारे आमचे बंधू कंपनीच्या माहितीपत्रकातील मजकूर जसाच्या तसा आपल्या पानावर ठेवतात. कंपनीची परवानगी असेल तर यात गैर काही नाही. पण तोच मजकूर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर, मोठ्या ऑनलाइन दुकानांवर आणि देशभरातील शेकडो विक्रेत्यांच्या पानांवर असतो. त्या गर्दीतून इतवाऱ्यातल्या किंवा वजिराबादेतल्या दुकानाचे पान वर का यावे? कंपनीची माहिती जरूर द्यावी, पण तिच्या जोडीला आपले काही असले पाहिजे. हा पंप किती खोल बोअरला चालतो, दुरुस्ती कोण करतो, सुटा भाग किती दिवसांत मिळतो, बिघाड झाला तर शेतावर माणूस जातो की पंप दुकानात आणावा लागतो, हे कंपनी लिहू शकत नाही. ते आपणच लिहू शकतो.

लातूरच्या डाळीच्या व्यापाऱ्यांचेही तसेच. 'उत्तम दर्जाची तूर डाळ' हे वाक्य कोणीही लिहितो. लातूर जिल्ह्यातील बोरसुरी तूर डाळीला आणि कास्ती कोथिंबिरीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्याच्याकडे खरोखर बोरसुरीचा माल आहे त्याने तो कोणत्या गावचा, कोणत्या हंगामाचा आणि कसा भरडलेला हे लिहावे. ज्याच्याकडे नाही त्याने ते नाव वापरू नये.

याहून गंभीर बाब पुढे आहे. नक्कल केलेल्या मजकुरात दुसऱ्याचे दावेही येतात. आमच्या त्या कारागीर बांधवाचे दुकान अकरा वर्षांचे आहे, पण त्यांच्या वेबसाइटवर पंचवीस वर्षांचा अनुभव लिहिलेला होता. 'पाचशे समाधानी ग्राहक' होते, 'प्रमाणित कारखाना' होता. यातले काहीही त्यांनी सांगितलेले नव्हते. तरीही नाव त्यांचे होते आणि साक्ष खोटी होती.

कुरआनच्या ८३व्या सूरहचे नावच 'अल-मुतफ्फिफीन', म्हणजे मापात कमी देणारे, असे आहे. हजरत शुऐब (अ.) यांनी मदयनच्या लोकांना माप आणि वजन पुरे देण्याची ताकीद केली. तराजू तोच, पण आज मालाचे वर्णनही तराजूचाच भाग झाले आहे. गिऱ्हाईक माल न पाहता केवळ वर्णनावर विसंबून पैसे पाठविते. जे नाही ते लिहिणे हे मापात मारण्यासारखेच आहे, आणि ते दुसऱ्याने लिहून दिले म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. पाटी आपल्या नावाची असेल तर तिच्यावरचा शब्दही आपला असला पाहिजे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

गावाचे नाव बदलले, पान तेच

तिसरा प्रकार आमच्या भागात फार वाढला आहे. नांदेडचा व्यापारी लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे लातूरपर्यंत माल पोहोचवितो. वेबसाइट करणारा त्याला सल्ला देतो की, प्रत्येक गावासाठी वेगळे पान करा. मग कंधार, देगलूर, बिलोली, उदगीर, निलंगा अशी वीस पाने तयार होतात. मजकूर सगळीकडे तोच आणि फक्त गावाचे नाव बदललेले. गूगल अशा पानांना 'डोअरवे' पाने म्हणते आणि नियमांत ती बसत नाहीत. मार्च २०१५ मध्ये गूगलने त्यांच्याविरुद्ध आणखी कडक धोरण जाहीर केले. हा प्रकार साध्या दुबार मजकुराच्या पुढचा आहे आणि येथे कारवाईही होऊ शकते.

उदगीरला खरोखर आपली शाखा असेल, तिथला वेगळा पत्ता, वेगळा माणूस आणि वेगळा माल असेल तर वेगळे पान अवश्य करावे. नसेल तर एकाच पानावर 'या या गावांना माल पोहोचवितो, इतके भाडे पडते, इतके दिवस लागतात' असे लिहावे. गिऱ्हाइकालाही तेच हवे असते.

नकाशावरील नोंदींचाही असाच घोळ होतो. गूगलच्या नियमानुसार एका ठिकाणच्या एका व्यवसायाची एकच नोंद असावी. प्रत्यक्षात एक नोंद वडिलांनी केलेली असते, एक मुलाने आणि एक वेबसाइटवाल्याने. एकावर जुना फोन नंबर, दुसऱ्यावर जुना पत्ता, आणि गिऱ्हाइकांचे अभिप्राय तीन ठिकाणी विखुरलेले. अशा दुबार नोंदी एकत्र करण्याची विनंती गूगलकडे करता येते. ती आजच करावी.

भाषा वेगळी असेल तर नक्कल नव्हे

काही बंधू विचारतात की, मराठीत पान असताना उर्दूत पुन्हा केले तर दुबार होईल का? होणार नाही. मुख्य मजकूर वेगळ्या भाषेत असेल तर गूगल ते पान दुबार धरीत नाही. मात्र वरची पाटी आणि खालचा पत्ता तेवढा उर्दूत करून मधला मजकूर इंग्रजीच ठेवला तर ते दुबारच ठरेल. एकाच पानाच्या वेगवेगळ्या भाषांतील प्रती एकमेकींशी जोडण्यासाठी 'एचरेफलँग' नावाची खूण असते. ती तंत्रज्ञाकडून घालून घ्यावी.

या बाबतीत आमच्या भागाला मोठी संधी आहे. नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनासाठी पंजाबातून यात्रेकरू येतात. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीला साऱ्या शहराने ती गर्दी पाहिली आहे. देगलूर तेलंगणाच्या सीमेवर, उदगीर कर्नाटकाच्या सीमेवर. मराठी, उर्दू, हिंदी, पंजाबी, तेलुगू आणि कन्नड या भाषांचे गिऱ्हाईक आपल्या दारात असताना सगळे जण एकाच उसन्या इंग्रजीत का लिहितात? भाषांतर यंत्राने करून घेतले तरी ती भाषा जाणणाऱ्या माणसाला वाचून दाखविल्याशिवाय पानावर ठेवू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

आता नोव्हेंबर २०२२ पासून चॅटजीपीटीसारखी यंत्रे आली आहेत आणि वेबसाइटवाले क्षणात पन्नास पाने लिहून देतात. यंत्राची मदत घेणे वाईट नाही. पण दहा दुकानदारांनी एकाच यंत्राला एकच प्रश्न विचारला तर उत्तरेही एकाच घाटाची येतात. केवळ वर येण्यासाठी घाऊक प्रमाणात काढलेली निरुपयोगी पाने, मग ती यंत्राने काढलेली असोत वा माणसाने, गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या नियमांत गैरप्रकार म्हणून नोंदविली आहेत.

आपला मजकूर दुसऱ्याने चोरला तर

स्वतःच्या मेहनतीने लिहिलेला मजकूर आणि स्वतः काढलेले फोटो दुसऱ्याने उचलले तर गप्प बसू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने असा मजकूर संरक्षित आहे आणि त्यासाठी आधी नोंदणी केलेली असण्याची सक्ती नाही. प्रथम त्या माणसाला सभ्यपणे कळवावे. ऐकले नाही तर गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करून ते पान शोधातून काढण्याची मागणी करता येते. पण तक्रार करण्यापूर्वी आपल्या पानावरचे शब्द आपलेच आहेत ना, याची खात्री करून घ्यावी.

आणखी एक सावधगिरी. वेबसाइटचे नाव स्वतःच्याच नावावर घ्यावे, करून देणाऱ्याच्या नव्हे. गूगल बिझनेस प्रोफाइलमधून मोफत बनविलेल्या वेबसाइटी गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांची सगळी भिस्त त्यांच्यावर होती त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. भाड्याच्या भिंतीवर लिहिलेली जाहिरात मालक केव्हाही पुसू शकतो.

संघटनांनी काय करावे

हे काम एकेकट्या कारागिरावर सोडून भागणार नाही. ज्याला इंग्रजी येत नाही, संगणक येत नाही, त्याची फसवणूक करणे सोपे असते. नांदेड आणि लातूरमधील व्यापारी संघटनांनी आणि मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी महिन्यातून एक दिवस बसावे. जो कारागीर येईल त्याची वेबसाइट उघडून तिच्यातली चार वाक्ये शोधून पाहावीत, नकाशावरील नोंदी तपासाव्यात आणि त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावे. उर्दू आणि मराठी शाळांतील शिक्षकांनी मजकूर लिहिण्यास मदत करावी. यासाठी पैसा लागत नाही, वेळ लागतो. वेबसाइट करून देणाऱ्यांत आमचेही तरुण आहेत. त्यांनाही आमचे सांगणे आहे की, एकाचा मजकूर दहा जणांना विकून मिळालेली कमाई हलाल म्हणता येईल का, याचा विचार त्यांनीच करावा.

आमच्या त्या कारागीर बांधवाला आम्ही समोर बसवून विचारले की, तुमच्या कपाटात वेगळे काय? ते दखनीत बोलत गेले आणि त्यांच्या धाकट्या मुलाने लिहून घेतले. कोणत्या कपाटाला २० गेजचा पत्रा आणि कोणत्याला २२ गेजचा, दोन्हींत फरक काय आणि किमतीत किती, कुलूप कोणते, दुसऱ्या मजल्यावर अरुंद जिन्याने कपाट कसे चढवितात, पाच वर्षांनी बिजागरी सैल झाली तर काय करायचे. पाऊण तासात दीड पान झाले. त्यात 'अकरा वर्षे' असे खरे आकडे आहेत. हा मजकूर जगात दुसऱ्या कोणत्याही वेबसाइटवर नाही आणि असूही शकत नाही.

रोजी देणारा अल्लाह आहे. गिऱ्हाईक येईलच, असे आम्ही त्यांना सांगितले नाही. पण आता त्यांच्या दारावरची पाटी त्यांची स्वतःची आहे, आणि जे आठ हजार जायचे होते ते पत्र्याच्या खरेदीला लागले.